कोपरा फाटलेलं कार्ड

मॅट्रिक मी दुसऱ्या फेरीत पास झाले. गणितात पस्तीस, इंग्रजीत पस्तीस आणि एकूण टक्के एकोणचाळीस. निकाल घेऊन घरी आले तेव्हा माय चुलीपुढं भाकरी थापत होती. "किती पडले?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "एकोणचाळीस." "कितीतले?" "शंभरातले." मायनं तव्यावरची भाकरी उलटली, जरा विचार केला आणि म्हणाली, "म्हंजे चाळिसाला एकच कमी पडला की वं." आणि हात झटकून चार घरी सांगून आली की आमच्या कौशीचा नंबर एकानं हुकला. माझ्या हुशारीबद्दलचा तो गैरसमज आमच्या वाड्यात पुष्कळ दिवस टिकला, आणि मीही तो मोडायला गेले नाही. दुसरं काय होतं माझ्यापाशी?

धावडा गावाच्या कडेला आमची बौद्ध वस्ती. घर दोन खणांचं, पुढं शेणानं सारवलेला ओटा. घरात आम्ही सहा माणसं: माझे वडील, म्हणजे दादा, माय, नवरा वारल्यावर माहेरी परत आलेली चंद्राआत्या, मी आणि माझ्या पाठचे दोघं. दादा सडकेच्या गँगमध्ये मजूर होते. पहाटे घमेलं आणि फावडं एकमेकांवर आपटल्याचा आवाज झाला की समजायचं, दादा निघाले. त्याच्याही आधी आत्याच्या जात्याची घरघर सुरू झालेली असायची. दुष्काळ नुकताच सरला होता, पण त्यातली रेशनची लाल मिलो ज्वारी अजून घरात होती. तिची भाकरी ताटात ठेवली की विटेच्या तुकड्यासारखी दिसायची आणि घशाखाली उतरतानाही विटेसारखीच वागायची. सोबत अंबाडीची भाजी, नाहीतर येसराचं, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याचं, पातळ कालवण, आणि मिरचीचा ठेचा. ठेचा एवढा तिखट, की भाकरी वाईट आहे हे लक्षातच यायचं नाही. आत्या म्हणायची, "तिखट कमी केलं तर पोरं भाकरीला नावं ठेवतीन."

दादांना नर्सिंगचं वेड लागलं ते एका खुर्चीमुळं. देवीची लस टोचायला एक सिस्टरबाई गावात यायच्या, आमच्यातल्याच होत्या. त्या आल्या की पाटलाच्या ओट्यावर त्यांच्यासाठी खुर्ची मांडली जायची. ज्या ओट्याच्या पायरीवर दादांनी जन्मात पाय ठेवला नव्हता, तिथं ती बाई पायावर पाय टाकून बसायची आणि पाटलीणबाई स्वतः चहा आणून द्यायची. दादा लांबून, लिंबाखाली उभं राहून ते बघायचे. घरी येऊन एकच वाक्य बोलायचे, "खुर्ची दिली तिला. बराबर दिली." माझा अर्ज त्या सिस्टरबाईंनीच भरला. गुणांच्या रकान्यापाशी त्यांचा पेन थांबला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी ओट्याच्या भेगेकडं पाहिलं. "बघू," म्हणाल्या. त्या 'बघू'चा अर्थ दादांनी 'होईल' असा घेतला आणि मी 'नाही' असा.

मुलाखतीला दादा घेऊन गेले. आता आमचा जिल्हा जालना. तेव्हा जालना नुसतं तालुक्याचं गाव होतं, आणि जिल्ह्याचं गाव म्हणजे दोन एसट्या बदलून, अख्खा दिवस घालवून पोहोचायचं ठिकाण. तिथल्या मोठ्या दवाखान्यात टेबलामागं तीन माणसं बसली होती. मधल्या सिस्टर, पांढऱ्या केसांच्या, चष्मा नाकावर. त्यांनी विचारलं, "पेशंट दुखण्यानं मोठ्यानं ओरडू लागला तर काय करशील?" मी म्हणाले, "मी पण ओरडीन." तिघंही हसले. मला वाटलं, खूश झाले. आज चाळीस वर्षं वॉर्डात काढल्यावर सांगते, उत्तर तसं चूक नव्हतं. ओरडल्याशिवाय डॉक्टर येत नाही. पण तेव्हा मला ते माहीत नव्हतं, मी फक्त घाबरले होते. राखीव जागा मोजक्या आणि त्यांच्यासाठीही माझ्याहून हुशार पोरींची रांग. गावात लोक म्हणायचे, "तुमच्या लोकांना काय, मिळतंच." त्यांना ती रांग दाखवायला पाहिजे होती. माझं नाव लागलं वेटिंगच्या यादीत, पार तळाशी.

मग वाट बघणं सुरू झालं. दादा रोज संध्याकाळी विचारायचे, "टपाल आल्तं का?" माय रोज म्हणायची, "न्हाई." दिवस गेले तसं दादांचं विचारणं लहान होत गेलं. आधी वाक्य होतं, मग "टपाल?" एवढंच राहिलं, आणि शेवटी दारात उभं राहून नुसतं मायकडं बघणं. माझ्यासाठी अन्व्याचं एक स्थळ आलं. बिजवर, दोन लेकरांचा बाप. माणूस वाईट नव्हता. मला बघायला आला तेव्हा त्यानं भज्यांचं ताट संपवलं आणि आत्याला म्हणाला, "पोरगी कमी बोलती, चांगलं हाये." मी कमी बोलत होते कारण त्याची धाकटी लेक त्याच्या मांडीवरून उतरून माझ्या पदराशी खेळत होती, आणि मला दिसत होतं की या पोरीची वेणी आता जन्मभर मीच घालणार. महिनाअखेरपर्यंत कार्ड आलं नाही तर सुपारी फोडायची, असं ठरलं. दादांनी मान हलवली ती कुणाकडंही न बघता.

आता त्या कार्डाकडं येते. पण त्याआधी नव्या पोरांसाठी एक गोष्ट सांगायला पाहिजे, कारण माझ्या नातवाला पोस्टकार्डच माहीत नाही. आमच्याकडं कुणी मेलं की नातेवाइकांना कार्ड जायचं, आणि त्या कार्डाचा एक कोपरा फाडलेला असायचा. कोपरा दिसला की वाचायची गरजच नसायची. असं कार्ड घरात घेत नाहीत. उंबऱ्याबाहेर उभं राहून कुणाकडून तरी वाचून घ्यायचं, तिथंच फाडायचं, वस्तीबाहेर टाकायचं आणि अंगावरून पाणी घ्यायचं. दीक्षा घेतल्यापासून दादांनी घरातलं सगळं जुनं काढून टाकलं होतं. देव्हारा गेला, अंगारे गेले, आत्याच्या गळ्यातला ताईत गेला. पण हे कोपऱ्याचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ते देवाचं नव्हतं ना, टपालाचं होतं.

मी त्या दिवशी खुरपायला गेले होते. दुपारी टपालवाला आला आणि कार्ड आत्याच्या हातात न देता ओट्याच्या कडेवर ठेवून दोन पावलं मागं सरकला. "कागद वाईट दिसून राह्यला बाई," तो म्हणाला. आत्या म्हणाली, "वाचा ना भाऊ." तो म्हणाला, "इंग्रजीत टाइप केलेलं हाये, मला न्हाई येत. पण शिक्का मोठ्या दवाखान्याचा हाये." आणि सायकलवर टांग टाकून निघून गेला. वाईट बातमी आणणारा माणूस पाण्यालाही थांबत नाही.

पुढचं सगळं इतकं सरळ घडलं की मायला दोष देताच येत नाही. कोपरा फाटलेला. शिक्का दवाखान्याचा. आणि जाफराबादचा माझा मामा, तिचा एकुलता एक भाऊ, महिन्याभरापूर्वी पोटाच्या दुखण्यानं त्याच दवाखान्यात भरती झाल्याचं आमच्या कानावर आलेलं. यात विचार करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मायनं तिथंच ओट्यावर बसून हंबरडा फोडला, कार्डाचे चार तुकडे केले, वस्तीबाहेरच्या बोरीच्या झुडपात भिरकावले आणि डोक्यावरून घागर ओतून घेतली. मी शेतातून धावत आले तेव्हा ती ओल्या लुगड्यानं सडकेकडं निघाली होती, मागं आत्या. मीही खुरपं टाकून त्यांच्याबरोबर गेले. एसटीत माय मोठ्यानं रडत होती आणि कंडक्टरनं तिला खिडकीची जागा करून दिली. भोकरदनला गाडी बदलली, तिथं एका अनोळखी बाईनं तिला चहा पाजला. माझा मामा त्या दिवशी निम्म्या तालुक्यात मेला.

जाफराबादला पोहोचलो तेव्हा दिवस कलला होता. मामाच्या गल्लीच्या तोंडाशीच मायनं रीतीप्रमाणं सूर लावला, "आरं माझ्या भाऊराया, मला सोडून कुठं गेलास रं..." लोक दारात आले. आणि मामाच्या घरातून, हातात भाकरीचा तुकडा घेऊन, खुद्द मामा बाहेर आला. आधी त्यानं मायला पाहिलं, मग आमच्याकडं, आणि घाबरून विचारलं,

"कोण गेलं गं, अक्का?"

माय थांबली. तोंड उघडंच. मग बोट त्याच्याकडं करून म्हणाली,

"तू!"

"मी?" मामानं हातातल्या भाकरीकडं पाहिलं. "मी तर पंधरा दिवस झाले घरी आलो."

ही गोष्ट आमच्या घरात लग्नाकार्यात दर वेळी सांगितली जाते, आणि ती सांगायचं काम माझ्याकडं असतं. मामाचा तो "मी?" मी इतका चांगला करते की मामाचीच लेकरं पोट धरून हसतात. मी नेहमी तिथंच थांबते. नातू विचारतो, "मग पुढं, आजी?" मी म्हणते, "पुढं काय, लागला नंबर." आणि जेवायला वाढते. पुढचं मी आजवर कुणाला सांगितलं नाही. इथं लिहून ठेवते.

हसणं ओसरल्यावर मामानं विचारलं, "पण अक्का, दवाखान्याचं कार्ड? अगं, दवाखाना मेलेल्या माणसाचं कार्ड न्हाई पाठवत. माणूसच ताब्यात देतो." आणि मग तो माझ्याकडं वळला. "कौशे, तुझं तर न्हाई?" भावाला जिवंत बघून मायचा चेहरा उजळला होता. तो तसाच होता, आणि त्याच्याखाली दुसरा चेहरा तयार होत होता. ते बघायला नको म्हणून मी मामीला चुलीपाशी मदत करायला गेले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं निघालो तरी गावात यायला दुपार झाली. मी आणि माय बोरीच्या काट्यांत वाकून तुकडे शोधत होतो. हाताला ओरखडे, मायचं लुगडं फाटलं. तीन तुकडे सापडले. चौथा शेळीनं खाल्ला असावा. शाळेच्या गुरुजींनी ते भाताच्या खळीनं पाठकोऱ्या कागदावर चिकटवले आणि वाचून दाखवलं. एक जागा रिकामी झाली होती. माझा नंबर होता. अमुक तारखेला पाच वाजेपर्यंत हजर न झाल्यास जागा पुढच्या उमेदवाराला दिली जाईल. गुरुजींनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. तारीख त्याच दिवसाची होती. तीन वाजले होते आणि आमच्या गावाची शेवटची गाडी निघून गेली होती.

संध्याकाळी दादा आले. मायनं सगळं सांगितलं. दादा ओरडतील म्हणून आम्ही पोरं आधीच कोपऱ्यात सरकलो होतो. दादांनी फावडं भिंतीला टेकवलं, खाली बसले आणि म्हणाले, "देव सोडले. धर्म सोडला. पोस्टकार्डाचा कोपरा तेवढा न्हाई सोडवला तुमच्यानं." मायनं त्यांच्यापुढं ताट ठेवलं आणि ते तसंच राहिलं. तो कोपरा कुणी फाडला, टपालाच्या थैलीतल्या उंदरानं की घाईतल्या कुणा हातानं, हे आजवर कळलेलं नाही.

तरी आम्ही गेलो. का गेलो, ते दादांनाच ठाऊक. दवाखान्यातल्या कारकुनानं चिकटवलेला कागद उलटासुलटा बघितला. "हे काय?" दादांनी कोपऱ्याची हकीकत सांगितली. कारकून हसला, शेजारच्यालाही बोलावून ऐकवली. मग म्हणाला, "जागा काल पाचला भरली. पुढच्या नंबरची पोरगी बापाला घेऊन परवापासून इथंच बसलेली होती." माझ्याही खाली कुणी होतं, हे मला तेव्हा कळलं. तिला अडतीस टक्के होते. दादांनी त्या पांढऱ्या केसांच्या सिस्टरपुढं हात जोडले. पाटलापुढं न जोडलेले हात. मी जमिनीकडं बघत राहिले. सिस्टर म्हणाल्या, "मला काही करता येत नाही. शनिवारी रजिस्टर बंद होतं. तोवर एखादी पळून गेली तर बघू. दरवर्षी एखादी पळते." दुसऱ्यांदा 'बघू'. दादांना कामावर जाणं भाग होतं. धपाट्यांचं फडकं माझ्याजवळ ठेवून ते निघाले. चार पावलं जाऊन वळले, फडक्याची गाठ नीट आहे का ते बघून गेले.

पेशंटच्या नातेवाइकांसाठी पत्र्याची एक शेड होती. तिथं मी तीन दिवस काढले. सगळीकडं फिनेलचा आणि शिळ्या भाताचा वास. कुणाचा तरी नवरा आत होता, कुणाचं लेकरू. सगळे आपलं माणूस बाहेर यायची वाट बघत होते, मी एकटीच कुणीतरी बाहेर पडायची. एका म्हातारीनं विचारलं, "तुझं कोण हाये बाई आत?" मी म्हणाले, "बहीण." तेवढंच सुचलं.

शुक्रवारी दुपारी नळावर ती दिसली. नवी पांढरी साडी, हात कोपरापर्यंत साबणानं घासत होती, धूत होती, परत घासत होती. सावळी, नाकात चमकी, माझ्याच वयाची. नाव शकुंतला. पैठणकडची, आमच्यातलीच. मी कोण हे तिला माहीत नव्हतं, मला मात्र ती कोण, म्हणजे माझ्या जागेवर लागलेली अडतीसवाली, हे दोन वाक्यांत कळलं. सकाळी तिला भाजलेल्या एका बाईच्या ड्रेसिंगला उभं केलं होतं.

"चिंधी काढताना कातडी निघून आली वं," ती म्हणाली. "वास जाईना हाताचा. बघ बरं, येतो का?"

तिनं हात माझ्या नाकाशी धरला. साबणाशिवाय कशाचा वास नव्हता.

"घरी गेले तर बाप लगीन लावून देईन. ठरवूनच ठेवलंय. पण निदान हे तर न्हाई ना बघायला लागणार." तिनं डोळे पुसले. "काय करू? तू काय केलं असतं?"

मी चाळीस वर्षांत नव्या आलेल्या कितीतरी पोरींना त्याच जागी उभं असलेलं पाहिलं. प्रत्येकीला मी तेच सांगत आले, आठ दिवस थांब, वास हाताचा नसतो, मनाचा असतो, तो जातो. हे सांगायला फार शिक्षण लागत नाही. तेव्हाही मला ते येत होतं, माझ्या जिभेवर होतं. त्या तीन दिवसांत मी शेडमधल्या निम्म्या बायांची समजूत घातली होती. शकुंतलेच्या तोंडाकडं बघून मी म्हणाले,

"मी असते तर गेले असते बाई घरी."

तिनं नळ बंद केला. मग म्हणाली, "खरंच?"

"बिलकुल," मी म्हणाले. "एक मिनिट न्हाई थांबले असते."

तिची पत्र्याची पेटी जड होती. एक कडी तिनं धरली, एक मी. स्टँडपर्यंत दोन ठिकाणी टेकवत नेली. गाडीत चढल्यावर तिनं खिडकीतून हात बाहेर काढून माझा हात दाबला आणि म्हणाली, "देवासारखी भेटलीस." आमच्यात देव नाहीत, हे तिलाही माहीत होतं. तरी तिच्या तोंडातून तेच आलं. मी तिचा पत्ता विचारला नाही. गाडी दिसेनाशी व्हायच्या आधीच मी वळले आणि दवाखान्याकडं पळत सुटले.

सिस्टरनी चष्म्यावरून पाहिलं. "एकोणचाळीसवाली ना? ओरडणारी?" मी मान हलवली. त्यांनी माझ्याकडून तीन सह्या घेतल्या आणि शकुंतला ठेवून गेलेल्या दोन साड्या माझ्या अंगावर टाकल्या. दादांना कार्ड मीच लिहिलं. चारही कोपरे बोटानं चाचपून मग पेटीत टाकलं.

रजिस्टर मात्र शाईनं लिहिलेलं होतं. पुढच्या महिन्याचं नवं पान येईपर्यंत खाडाखोड करायची नाही, असा तिथला नियम. म्हणून रोज सकाळी सात वाजता, सगळ्या पोरी रांगेत उभ्या असताना, सिस्टर तिचंच नाव पुकारायच्या. शकुंतला. आणि मी हात वर करून म्हणायची, "हजर, सिस्टर."